चिलटांचं ‘वाढ आणि कर्करोग’ किट: माश्या उत्तम, पीठ टाकाऊ

कोकणात ‘फळमाशी’ म्हटलं की आधी हापूसची कीड आठवते, आणि तिच्यासाठी झाडाला टांगलेले मिथिल युजेनॉलचे सापळे. या किटमधली माशी ती नव्हे. ही ड्रॉसोफिला मेलानोगास्टर, म्हणजे फणस फोडला की अर्ध्या तासात कुठूनशी हजर होणारं चिलट. अवयवाने किती वाढायचं हे शरीरात कोण ठरवतं, आणि तो हिशेब चुकला की गाठ कशी होते, हे बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या पोरांना डोळ्यांनी दाखवता यावं म्हणून हे किट विकलं जातं. कल्पना फार चांगली आहे. माल मात्र घाटावरची कोरडी हवा गृहीत धरून बांधलाय.

निकाल आधीच सांगून टाकतो. माश्यांचे वाण चांगले आणि निवड विचारपूर्वक केलेली. खाद्याचं तयार पीठ किनाऱ्यावर निरुपयोगी. चिमटे बदलावे लागतात. पुस्तिका एका महत्त्वाच्या जागी चक्क उलटं सांगते. मागवायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा.

पेटीत सात वाण येतात, प्रत्येकाच्या दोन बाटल्या: कॅन्टन-एस ही साधी माशी, व्हेस्टिजिअल, विंगलेस, नॉच, डॅक्स, एलिप्स आणि लीथल जायंट लार्व्ही. सगळे जुन्या वळणाचे उत्परिवर्ती वाण आहेत, बाहेरून जनुक घातलेली माशी एकही नाही, त्यामुळे जैवसुरक्षा समितीचा व्याप मागे लागत नाही. शिवाय खाद्यपीठ, रिकाम्या बाटल्या, स्पंजाची बुचं, दोन चिमटे, एक कुंचला, चार पक्क्या स्लाइड आणि पुस्तिका. व्हेस्टिजिअल बहुतेक प्रयोगशाळांत आधीपासून असतो. त्याचा इथला खरा उपयोग राखणदाराचा. या माशीला पंखांची नुसती खुंटं असतात, तिला उडता येत नाही. तिच्या बाटलीत एक जरी चिलट उडताना दिसलं तर बाहेरचा पाहुणा आत शिरलाय, आणि शेजारच्या बाटल्याही तपासायच्या, हे लगेच कळतं. फणस-काजूच्या दिवसांत ही तपासणी रोजची.

सगळ्यात जास्त वसूल होतो तो नॉचचा वाण. १९१० च्या दशकात न्यूयॉर्कला मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत ही माशी हाती लागली. पंखाची कड कुरतडल्यासारखी दिसते म्हणून नाव नॉच, खाच. पुढे कळलं की या जनुकापासून होणारं प्रथिन पेशीच्या पडद्यावर उभं असतं आणि शेजारच्या पेशीने बोट लावलं की त्याचा आतला तुकडा कापला जाऊन थेट केंद्रकात जातो. मध्ये दलाल नाही. म्हणूनच इथे मात्रेला फार किंमत: दोनपैकी एक प्रत गेली तरी पंखाला खाच पडते, आणि नराकडे मुळात एकच एक्स गुणसूत्र, त्यामुळे खराब प्रत आलेला नर अंड्याबाहेरही येत नाही.

याचा संकर असा लावा. किटमधली नॉच मादी एका एक्स गुणसूत्रावर नॉच आणि दुसऱ्यावर ‘एफएम७ए’ हे राखणीचं गुणसूत्र घेऊन येते; राखणीचं म्हणजे मारक जनुक वाणातून निसटू न देणारं आणि बाहेरून खुणेवरून ओळखू येणारं, इथे खूण अरुंद डोळ्यांची आणि पिवळ्या अंगाची. अशा पाच कुमारी माद्या आणि पाच कॅन्टन-एस नर एका बाटलीत सोडा. चार दिवसांनी आईबाप काढून टाका, नाहीतर ते पोरांत मिसळतात आणि मोजणी वाया जाते. २५ अंशांना दहाव्या दिवसापासून नवी पिढी निघते. मोजताना तीनच प्रकार दिसायला हवेत, साधारण सारख्या संख्येने: खाचवाल्या माद्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या डोळ्यांच्या माद्या, आणि पिवळसर अंगाचे, फटीसारख्या अरुंद डोळ्यांचे नर. म्हणजे माद्या नरांच्या दुप्पट. हा दोनास एक पोरांनी स्वतः मोजला की ‘मारक जनुक’ हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. किमान दीडशे माश्या मोजा. चाळीस-पन्नासांत प्रमाण हवं तसं वाकडं येतं.

चूक कुठे होते तेही ठरलेलं आहे. फटीसारख्या डोळ्यांच्या, पिवळ्या माद्या निघाल्या तर तुमच्या ‘कुमारी’ माद्या कुमारी नव्हत्या, आपल्याच बाटलीतल्या नराशी त्यांचं आधीच जमलेलं होतं. धडधाकट गोल डोळ्यांचे नर एखादा सोडून जास्त दिसले तर बाहेरचं चिलट घुसलंय. कुमारी माद्या मिळवायला सकाळी आठला बाटली पूर्ण रिकामी करायची आणि त्यानंतर निघालेल्या माद्या दुपारी दोनच्या आत वेचायच्या. पुस्तिकेत आठ तास लिहिलेत, ते २५ अंशांना बरोबर आहेत. कोकणातल्या खोलीत पारा ३० च्या आसपास असतो, तिथे सहाच्या पुढे जाऊ नका. ताजी मादी फिकट असते, पोटातून काळसर ठिपका दिसतो. तो दिसला की ती मादी बेलाशक वेचा.

विंगलेसबद्दल पुस्तिकेत दोनच ओळी आहेत, हा अन्याय आहे. ही माशी आपल्याकडची: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये तिची नोंद केली. १९८२ मध्ये नुस आणि व्हार्मस यांना उंदराच्या स्तनातल्या गाठींत इंट-१ नावाचं जनुक सापडलं. १९८७ मध्ये कळलं की उंदराचं इंट-१ आणि माशीचं विंगलेस ही एकाच घराण्यातली. विंगलेसचा ‘डब्ल्यू’ आणि इंटचं शेपूट जोडून आज जगभर ज्याला ‘विंट’ म्हणतात ते नाव तयार झालं. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत हीच साखळी, म्हणजे एका प्रथिनाने दुसऱ्याला निरोप पोचवायची ही वाट, बिघडलेली असते, बहुतेकदा तिला आवर घालणारं एपीसी हे प्रथिन निकामी झाल्यामुळे. एवढा ऐवज हातात असताना पुस्तिका ‘पंख नसलेली माशी’ म्हणून पुढे निघून जाते.

आणि ते वर्णनही अर्धंच खरं. किटमधल्या वाणात काही माश्यांना दोन्ही पंख नसतात, काहींना एकच नसतो आणि त्याच्या जागी पाठीचाच तुकडा आरशातल्यासारखा दुसऱ्यांदा आलेला असतो, तर काही अगदी धडधाकट दिसतात. आधी सांगितलं नाही तर पोरं धडधाकट माश्यांना ‘भेसळ’ म्हणून फेकून देतात. भेसळ नाही ती. बिघाड एकच, पण निरोप उंबरठ्याच्या जवळपास रेंगाळत असेल तर काही अंगांत पोचतो, काहींत नाही. एकाच घरात एकच सदोष जनुक असूनही एकाला आजार होतो, दुसऱ्याला होत नाही, यामागे कारणं अनेक असतात; पण त्या गोष्टीची पहिली ओळख करून द्यायला ही बाटली पुरते.

आता पुस्तिकेतली ती चूक. हिप्पो साखळीच्या पानावर छापलंय की हिप्पो जनुक ‘अवयव मोठा करतं’. नेमकं उलटं आहे. माशीच्या जनुकांची नावं ते जनुक नसलं तर काय होतं यावरून पडतात. हिप्पो नसलं तर डोकं सुरकुतून, फुगून पाणघोड्यासारखं होतं. म्हणजे हिप्पो हा ब्रेक आहे. वॉर्ट्स (१९९५), साल्वाडोर (२००२), हिप्पो (२००३) आणि मॅट्स ही चार प्रथिनं मिळून ब्रेक दाबतात. हिप्पो वॉर्ट्सला जागं करतं, आणि वॉर्ट्स यॉर्की नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसलेल्या यॉर्कीला केंद्रकात प्रवेश नाही. शिक्का नसेल तर यॉर्की आत जातं, स्कॅलप्ड या प्रथिनाला धरतं आणि दोन प्रकारची जनुकं एकदम चालू करतं, पेशी दुभंगायला लावणारी आणि पेशीला मरू न देणारी. धोका या दुहेरीपणात आहे. पेशी नुसतीच दुभंगू लागली तर बऱ्याचदा शरीर तिला मारून टाकतं. इथे तो मार्गही बंद होतो. माणसात वॉर्ट्सच्या जागी लॅट्स-१ आणि लॅट्स-२, यॉर्कीच्या जागी याप आणि ताझ. २००७ मध्ये उंदराच्या यकृतात याप जबरदस्तीने चालू ठेवून पाहिलं तर यकृत काही आठवड्यांत चौपटीच्या घरात वाढलं. बंद केल्यावर पुन्हा आकारावर आलं, आणि चालूच ठेवलं तर गाठी झाल्या. वाढ आणि कर्करोग एकाच रस्त्यावरची दोन गावं आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही. किट घ्याल तर त्या पानावर पेनने दुरुस्ती करून मगच वाटा.

हिप्पो किंवा वॉर्ट्स पूर्ण गेलेली माशी जगत नाही, म्हणून किटमध्ये या साखळीच्या वरच्या अंगाचा डॅक्स दिलाय. निवड चोख आहे. डॅक्स हे प्रथिन वॉर्ट्सला कमी करतं. डॅक्स नसलं की वॉर्ट्स टिकून राहतं, ब्रेक दाबलेलाच राहतो, आणि पाय-पंख आखूड निघतात. भिंगाखाली पायाच्या टोकाचे सांधे मोजा: साध्या माशीला पाच, डॅक्सला चार. पंखावरच्या दोन आडव्या शिरा एकमेकींच्या जवळ सरकलेल्या दिसतात. डोळ्याला पटकन दिसणाऱ्या या दोन खुणा आहेत. खरं काम मात्र मोजपट्टीचं आहे, आणि तिथेच बहुतेक कॉलेजं घसरतात.

पंख मोजायची रीत अशी. माशी भूल देऊन मारा, चिमट्याने पंख मुळापासून उपटा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून घ्या म्हणजे हवेचे बुडबुडे जातात, मग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर काच. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला मोबाईल लावून फोटो काढा आणि त्याच भिंगाखाली मायक्रोमीटर स्लाइडचाही एक फोटो घ्या. हा दुसरा फोटो राहिला तर सगळी मेहनत पाण्यात, कारण पिक्सेलचे मायक्रोमीटर करता येत नाहीत. इमेज-जे हा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात पंखाची कड गिरवली की क्षेत्रफळ मिळतं. प्रत्येक वाणाचे वीस तरी पंख घ्या, फक्त माद्यांचे किंवा फक्त नरांचे. मादी मुळातच मोठी असते.

दोन गोष्टी हा प्रयोग गुपचूप बिघडवतात. पहिली गर्दी. एका बाटलीत दोनशे अंडी पडली तर सगळ्याच माश्या बारक्या निघतात आणि डॅक्सचा फरक त्यात बुडून जातो. अंडी मोजून, बाटलीला चाळीस-पन्नास, अशीच ठेवा. दुसरी गोष्ट तापमान: थंडीत वाढलेली माशी मोठी, उन्हाळ्यात वाढलेली लहान. जानेवारीतले कॅन्टन-एसचे पंख आणि एप्रिलमधले डॅक्सचे पंख शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष कागदासकट फेकून द्यावा. दोन्ही वाण एकाच दिवशी, एकाच घाण्यातल्या खाद्यावर, एकाच खोक्यात वाढले पाहिजेत.

गर्दीने माशी बारकी होते, ते मात्र हिप्पोमुळे नव्हे. उपासमारीचा निरोप इन्सुलिन आणि टॉर या साखळीतून जातो आणि सबंध अंग प्रमाणात लहान होतं; डॅक्समध्ये पायाचा सांधाच गळतो. हा फरक दाखवायला वेगळा वाण लागत नाही. खाद्याचा एक घाणा यीस्टशिवाय करा, दुसरा यीस्ट घालून, आणि दोन्हींवर कॅन्टन-एसच वाढवा. मुलांना हा प्रयोग सगळ्यात पटकन पोचतो, आणि गंमत म्हणजे पुस्तिकेत तो नाहीच.

एलिप्सची बाटली लहान पण कामाची. यात ईजीएफआर हा निरोप घेणारा दरवाजा जरुरीपेक्षा जास्त उघडा राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं, डोळा मोठा होणार. होतो बारका आणि खडबडीत. साध्या माशीच्या एका डोळ्यात साडेसातशेच्या आसपास भिंगं असतात. एलिप्सच्या दोन मात्रा आल्या की ती पार घटतात, कारण नवं भिंग सुरू करणारी पहिली पेशीच कमी वेळा निवडली जाते. माणसाच्या फुप्फुसात मात्र याच दरवाजाचा बिघाड पेशींना बेलगाम दुभंगायला लावतो. नॉचचंही तसंच: मुलांमधल्या टी-पेशींच्या रक्ताच्या कर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच-१ जास्त चालू असतं, आणि उंदराच्या कातडीत नॉच काढून टाकलं तर तिथे गाठी होतात. म्हणून ‘कर्करोगाचं जनुक’ हा पुस्तिकेचा लाडका शब्द वर्गात वापरू नये. कोणत्या ऊतीत, कोणत्या वेळी, किती मात्रेत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय साखळीला चांगली-वाईट म्हणता येत नाही.

किटचा कळस म्हणजे लीथल जायंट लार्व्ही. पुस्तिकेत नुसतं लिहिलंय की ‘दोन सदोष प्रती असलेल्या अळ्या निवडा’. कशा निवडायच्या, ते नाही, आणि साध्या डोळ्यांना सुरुवातीला सगळ्या अळ्या सारख्याच दिसतात. युक्ती सोपी आहे. बाटलीत अंडी घालून घेतल्यावर आईबाप एका दिवसात काढून टाका, म्हणजे सगळ्या अळ्या एका वयाच्या राहतात. पाचव्या-सहाव्या दिवशी निरोगी भावंडं काचेवर चढून कोष करतात. सदोष अळ्या कोष करत नाहीत. त्या खातच राहतात, फुगतात, अर्धपारदर्शक होतात. नवव्या-दहाव्या दिवशी बाटलीत ज्या लठ्ठ अळ्या उरल्या त्या तुमच्या. त्या आधी निवडायचा प्रयत्न करू नका, आणि बारा दिवसांच्या पुढे थांबू नका, मरू लागतात.

आता आत बघायचं. माशीचा पंख अळीच्या पोटात चपट्या पिशवीच्या रूपात तयार होत असतो. तिला इमॅजिनल डिस्क म्हणतात. सुरुवातीला तीसेक पेशी, आणि चार दिवसांत तीस ते पन्नास हजार, मग वाढ आपोआप थांबते. साध्या अळीची ही चकती कोयरीच्या आकाराची, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, आणि तिच्या घड्या साडीच्या निऱ्यांसारख्या नीट पडलेल्या. लठ्ठ अळीची चकती काढली तर कोयरी नाही, निऱ्या नाहीत; एकावर एक चढलेल्या पेशींचा गोळा. या अळीत पेशीला वर-खाली कळेनासं झालेलं असतं. एकथरी पडद्यात कुठली बाजू वरची हे पेशीला ठाऊक असेपर्यंत वाढीचा ब्रेकही जागेवर असतो. बाजू हरवली की तोही सैल होतो. किटमधल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा शेजारीशेजारी ठेवलेल्या या दोन चकत्या जास्त शिकवतात.

विच्छेदन शिक्षकांनी करून दाखवलेलं बरं. काच-चकतीवर थंड पीबीएसचा (क्षारांच्या द्रावणाचा) थेंब, त्यात अळी. एका चिमट्याने तोंडाचे काळे आकडे पकडा, दुसऱ्याने अंगाचा पुढचा एक तृतीयांश भाग सोडून मागे धरा आणि ओढा. पुढचा तुकडा मोज्यासारखा उलटा करा. श्वासनलिकेच्या चंदेरी फांद्यांना चिकटलेल्या चकत्या दिसतात. पांढरट, ढगाळ दिसते ती चरबी, तिला हात लावू नका. मिथिलीन ब्लूचा विरळ थेंब, दोन मिनिटं, धुवा, वर काच. किटचे चिमटे इथे दगा देतात. ते पोस्टाची तिकिटं उचलायच्या चिमट्यांसारखे चपटे आहेत, अळीचा चिखल होतो. घड्याळजींकडे मिळणारा पाच नंबरचा टोकदार चिमटा घ्या, दोन. चार पक्क्या स्लाइडपैकी दोनचा रंग पहिल्याच पावसाळ्यात उडाला, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता खाद्य. ‘फक्त पाणी घाला’ असं लिहिलेल्या पिठात बुरशीनाशक इतकं कमी आहे की जुलैत तिसऱ्या दिवशी पांढरी लव आणि पाचव्या दिवशी काळी बुरशी. अळ्या बुरशीत अडकून मरतात आणि मोजणीचं प्रमाण बिघडतं, आधी अशक्त वाणांचं. ते पीठ बाजूला ठेवा आणि रवा-गुळाचं खाद्य करा. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम आगर, ७.५ मिली प्रोपिऑनिक आम्ल. ७०० मिली पाणी उकळून त्यात आगर पूर्ण विरघळू द्या, मग गूळ, शेवटी उरलेल्या ३०० मिली गार पाण्यात कालवलेला रवा सतत ढवळत ओता. कोरडा रवा थेट घातला तर गुठळ्या होतात, हे शिरा करणाऱ्या कुणालाही विचारा. दहा मिनिटं शिजवा. आम्ल घालायची घाई नको: भांड्याची बाहेरची बाजू हाताला सोसेल इतकी, साठेक अंशांवर आली की घाला. उकळत्यात घातलं तर निम्मं वाफेने नाकाडोळ्यांत जातं आणि आम्लाच्या उकळीने आगरही सैल पडतो, मग बाटली आडवी केली की खाद्य घसरतं. बाटलीला आठ मिली. वरून धुतलेलं मलमल टाकून रात्रभर पंख्याखाली.

पावसाळ्यात या मापावर आणखी एक भर: मिथिल पॅराबेनचं अल्कोहोलातलं १० टक्के द्रावण, लिटरला १० मिली, आम्लाबरोबरच. आम्लच वाढवत नेऊ नका, अळ्या मंदावतात. रात्रभर वाळवूनही काचेला आतून घाम येतो. तो टिश्यूने पुसल्याशिवाय माश्या सोडल्या तर पंख काचेला चिकटून मरतात, आणि नवशिके ते ‘वाण कमकुवत’ म्हणून लिहितात. रवा फ्रिजमध्ये ठेवा, त्यातून कोळीकिडे येतात. गूळ एका मोजणीपुरता एकाच ढेपेचा वापरा; वेगळ्या ढेपेचा ओलावा वेगळा, खाद्य वेगळं, पंख वेगळे.

तापमानासाठी पेटीबरोबर थर्माकोलचं खोकं आणि जेलच्या पिशव्या येतात. त्या चार तास टिकतात. विदर्भात चालणारी ओल्या वाळूची परात इथे चालत नाही, हवेतच एवढी ओल की बाष्पीभवनाने थंडावा येतच नाही. जुना फ्रिज आणि बाहेरून लावायचा थर्मोस्टॅट, २५ अंशांवर, हा उपाय टिकाऊ. ३० च्या वर पारा राहिला की नर वांझ होऊ लागतात. बाटलीत माश्या आहेत, अंडीही आहेत, अळी एकही नाही, असं दिसलं तर खाद्याला दोष देण्याआधी थर्मामीटर बघा. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू ओढू नका, आणि त्या खोलीत डास पळवणारं लिक्विड मशीन रात्रीसुद्धा लावू नका. डासांच्या औषधाला चिलटं वेगळी वाटत नाहीत. सकाळी सातही वाण उताणे सापडतात.

विक्रेत्याची सेवा मध्यम. पार्सल पोचायला चार दिवस लागले. घाटात दरड आली तर किती, ते सांगायला नको. डॅक्सच्या दोन्ही बाटल्या मेलेल्या आल्या. फोटो पाठवल्यावर बदली बाटल्या आल्या, पण ‘बदली एकदाच’ हा नियम बिलाच्या मागे बारीक अक्षरांत आहे. माल आल्या दिवशीच प्रत्येक बाटलीचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. सात वाणांपैकी बरेचसे म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रॉसोफिला स्टॉक सेंटरसारख्या ठिकाणी चौकशी केली तर मिळू शकतात. किटची किंमत मुख्यतः खोक्याची आणि बाटल्यांची आहे. ज्यांच्याकडे बाटल्या आणि सूक्ष्मदर्शक आहेत त्यांनी आधी ती चौकशी करावी.

राहिला प्रश्न गणपतीचा. सुट्टी लागली की प्रयोगशाळेला कुलूप, आणि २५ अंशांवरच्या बाटल्या दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या खाद्यावर हलवल्या नाहीत तर वाण संपतो. सुट्टीच्या दोन दिवस आधी सगळे वाण ताज्या बाटल्यांत हलवा आणि थर्मोस्टॅट १८ अंशांवर आणा. तिथे एक पिढी व्हायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, अनंत चतुर्दशीपर्यंत निभावतं. परत आल्यावर एलिप्स आणि लीथल जायंट लार्व्हीच्या बाटल्यांत सरळ पंखांच्या माश्या दिसतील. त्या दोन्ही वाणांच्या राखणीच्या गुणसूत्रामुळे पंख वर वळलेले असायला हवेत, म्हणून वाण हातचा गेला असं वाटतं. गेलेला नसतो, थंडीत वाढलेल्या माश्यांत ते वळण नीट उमटत नाही. एक पिढी २५ अंशांवर काढा, पंख वळतात, मग वाण तपासा.